बावीस नावं, अडीच हजार रुपये

पत्र: "आम्ही वेंगुर्ल्याजवळ राहतो. नवरा मच्छीमार बोटीवर खलाशी आहे. यंदा मासळीने हात दिला नाही, त्यात बोट महिनाभर इंजिनाच्या कामासाठी किनाऱ्यावर ओढलेली होती. नाताळच्या भेटींसाठी कसेबसे अडीच हजार रुपये बाजूला ठेवलेत आणि यादी झाली आहे बावीस नावांची. सासू-सासरे, आमची दोन मुलं, वाडीतच वेगळे राहणारे थोरले दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं, मुंबईहून येणारी नणंद, तिचा नवरा आणि दोन मुलं, मालवणला माझे आई-वडील आणि भाऊ, माझी गॉडमदर, दोन मैत्रिणी आणि शेजारची चार घरं. नणंद दरवर्षी सगळ्यांना महागाच्या वस्तू आणते. तिच्यासमोर हलकं काही ठेवायची लाज वाटते. बचत गटातून पाच हजार उचलावेत का? घरी पाच माड आहेत, थोडं भात पिकतं, बाकी काही नाही."

ताई,

बचत गटाचे पैसे उचलू नका. दरमहा २ टक्के व्याज धरलं आणि वर्षभर मुद्दल फिटलं नाही, तर पाच हजारावर बाराशे रुपये नुसतं व्याज जातं. म्हणजे पुढच्या नाताळच्या निम्म्या भेटी आजच गेल्या. तो गट आजारपणासाठी, जाळ्यासाठी, शाळेच्या फीसाठी राखून ठेवा.

अडीच हजाराला बावीसने भागलं की माणशी ११३ रुपये येतात. एवढ्यात बाजारात मिळतो फुलांचा छाप असलेला मग नाहीतर वासाची मेणबत्ती. ती घेणाऱ्याच्या कपाटात जाते आणि तुमचे पैसे दुकानदाराच्या गल्ल्यात. त्यापेक्षा माणसं मोजू नका, घरं मोजा. दिराचं एक, नणंदेचं एक, माहेर एक, गॉडमदरचं एक, मैत्रिणींची दोन, शेजाऱ्यांची चार. झाली दहा घरं. या दहा घरांना खाऊचा एकेक डबा. वेगळी वस्तू फक्त सहा मुलांना आणि सासू-सासऱ्यांना. घरच्या मोठ्या माणसांसाठी चिठ्ठ्या.

चिठ्ठ्यांचं आधी सांगतो, कारण त्यासाठी नणंदेला आजच फोन करायला हवा. तुम्ही दोघं, सासू-सासरे, दीर-जाऊ, नणंद आणि तिचा नवरा असे तुम्ही आठ मोठे. प्रत्येकाने उरलेल्या सातांना भेट द्यायची म्हटली तर छप्पन्न भेटी होतात. चिठ्ठी काढली की आठच. आठ नावांच्या चिठ्ठ्या करा, ज्याला स्वतःचं किंवा नवऱ्या-बायकोचं नाव येईल त्याने ती परत टाकून दुसरी काढायची, आणि शंभर रुपयांची मर्यादा आधीच ठरवा. ही मर्यादा वरची आहे, तशीच खालचीही. कोणी पाचशेची वस्तू आणली की पुढच्या वर्षी चिठ्ठी मोडते. मुंबईची दोघं लांब आहेत, त्यांच्या चिठ्ठ्या मुलांपैकी कोणाकडून काढून घ्या आणि ज्याची त्याला फोनवर सांगायला लावा, म्हणजे नाव तुम्हालाही कळणार नाही.

नणंदेला काय बोलायचं ते घोळवत बसू नका. "यंदा हात तंग आहे. मुलांना काय द्यायचं ते द्या, पण मोठ्यांसाठी आपण शंभर रुपयांची चिठ्ठी काढूया का?" एवढंच. कारण लपवलं की समोरचा आपल्या परीने अंदाज बांधतो, आणि तो अंदाज बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा वाईट असतो. महाग वस्तू आणणाऱ्यांनाही दरवर्षी तेवढं आणायचं ओझं असतंच. पहिलं कोणी बोलावं याचीच वाट पाहिली जाते.

आता पैशांची वाटणी. भाव गावागावाला थोडे खालीवर होतील, पण साधारण हिशेब असा बसतो: दहा डब्यांच्या खाऊला साडेसातशे, बांधायच्या सामानाला दोनशे, दारात टांगायच्या तीन कागदी ताऱ्यांना मिळून २४०, सहा मुलांच्या खेळण्यांना ४८०, सासू-सासऱ्यांच्या भेटीला १८०, तुम्हा दोघांच्या चिठ्ठ्यांना दोनशे, नणंदेच्या डब्यात काजूसाठी २४०, गॉडमदरसाठी वरून साठ. बेरीज २३५०. उरलेले दीडशे वेगळ्या पाकिटात ठेवा, कोणी अवचित दारात आलं तर लागतील.

खाऊत तीनच जिन्नस करा: आवळा कँडी, कुलकुल (मैद्याचे तळलेले गोड वळे) आणि ओल्या खोबऱ्याच्या वड्या. दोदोलच्या नादी लागू नका. माडाचा गूळ, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध तासन् तास ढवळावं लागतं, दोन माणसं आळीपाळीने लागतात आणि गॅस जळतो तो वेगळाच. बेबिंकाला अंड्यांचे बलक आणि तूप इतकं लागतं की एकाच घराच्या डब्यात निम्मं बजेट संपेल. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, करायच्या तर घरच्यांपुरत्या करा. ओल्या सारणाची नेवरी दोन-तीन दिवसांत आंबते, आणि वाटावाटी करताना ती तिसऱ्या दिवशी कोणाच्या तोंडात जाईल याचा नेम नसतो.

आवळ्यापासून सुरुवात करा, कारण त्याला सर्वांत जास्त दिवस लागतात. डिसेंबरात आवळा बाजारात भरपूर असतो. डाग नसलेले, हिरवट-पिवळे, मोठे असे २ किलो आवळे आणि दीड किलो साखर घ्या. आवळे धुऊन चाळणीत ठेवून दहा मिनिटं वाफवा. रंग बदलला आणि फोडींच्या रेषा उघडल्या की उतरवा. कुकरला शिट्ट्या काढल्या तर लगदा होतो, आणि मग तो फक्त मोरावळ्याच्या कामाचा. गार झाल्यावर बोटाने दाबलं की फोडी आपोआप सुटतात. बी काढून टाका. काचेच्या बरणीत, चिनी मातीच्या सटात किंवा स्टीलच्या डब्यात फोडींचा एक थर, साखरेचा एक थर असं भरा. ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका. आवळ्याच्या आंबटपणाने ते काळवंडतं आणि तीच चव फोडीत उतरते.

दुसऱ्या दिवशी साखरेचं पाणी झालेलं दिसेल आणि फोडी वर तरंगत असतील. दिवसातून दोनदा कोरड्या चमच्याने हलवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फोडी तळाला बसतात. हीच खूण: साखर आत शिरली, फोड जड झाली. आता चाळणीवर ओतून पाक निथळू द्या आणि फोडी ताटात पसरून वर पातळ कापड टाकून दोन दिवस उन्हात ठेवा. आपल्या किनाऱ्यावर संध्याकाळपासून दंव पडायला लागतं, म्हणून साडेचारच्या आत ताटं घरात घ्या. एक संध्याकाळ विसरलात तर दिवसभराचं ऊन फुकट जातं. बाहेरून चिकट लागत नाही पण दाबल्यावर मऊ आहे, तेव्हा थांबा. आणखी वाळवली तर दगड होते आणि सासऱ्यांसारख्या वयाच्या माणसांना चावत नाही. वरून दोन चमचे पिठीसाखर भुरभुरवा. दोन किलोच्या किलोभर फोडी होतात. म्हणजे दहा डब्यांत शंभर-शंभर ग्रॅम.

खाली उरलेला पाक फेकू नका, ते आवळ्याचं सरबत आहे. दोन-तीन मिनिटं उकळा, गार झाल्यावर आल्याचा रस आणि मीठ घालून कोरड्या बाटल्यांत भरा. न उकळता भरलात तर चार दिवसांत फसफसतं आणि झाकण उडतं. एका भागाला चार भाग पाणी. दोन मैत्रिणींच्या डब्यासोबत एकेक छोटी बाटली गेली की त्यांना वेगळं काही घ्यायला नको. हे सगळं १० डिसेंबरच्या आत बरणीत पडायला हवं.

कुलकुल, ज्यांना गोव्याकडे किडयो म्हणतात, ते १८ ते २० डिसेंबरच्या दरम्यान करा. एका घाण्याला अर्धा किलो मैदा, १०० ग्रॅम बारीक रवा, १०० ग्रॅम पिठीसाखर, ५० ग्रॅम कडकडीत मोहन, चिमूटभर मीठ, वेलचीपूड आणि एका नारळाचं घट्ट दूध, साधारण २०० मिलिलिटर. अंडं घालू नका. शेजारच्या घरांत डिसेंबरात बरेचदा मार्गशीर्षातले गुरुवार चालू असतात. अंड्याचं म्हटलं की ते ताट तसंच राहतं, आणि देणाऱ्यालाही घेणाऱ्यालाही अवघड होतं. अंड्याशिवाय ते जास्त टिकतातही.

मोहन पिठात चोळून मुठीत दाबलं की मुटका व्हायला हवा. मग दूध एकदम न ओतता थोडं थोडं घालत घट्ट मळा. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा, म्हणजे रवा फुगतो. शेंगदाण्यापेक्षा मोठी आणि सुपारीपेक्षा लहान गोळी घेऊन काट्याच्या पाठीवर अंगठ्याने पातळ दाबत पसरा आणि टोकाकडून गुंडाळा. नवी, स्वच्छ फणी घेतली तर रेषा आणखी छान उठतात. हे काम मुलांना द्या. दोन तासांत चार हात एक घाणा सहज वळून टाकतात.

कुलकुल बिघडतात ते बहुतेक वेळा जाडीमुळे. जाड पसरलेल्या कुलकुलाच्या गाभ्यात ओल राहते. तळल्यावर वरून कुरकुरीत लागतो, पण रात्रभरात ती ओल बाहेर सरकते आणि सकाळी सगळा डबा मऊ. तेल फार तापलं तरी हेच होतं, कारण पिठातली साखर आधी लाल होते आणि आपण आत शिजायच्या आधीच बाहेर काढतो. तेलात पिठाचा कण टाका. तो तीन-चार सेकंदांनी सावकाश वर आला की आच बरोबर. मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं हलवत राहा आणि हव्या त्या रंगाच्या एक छटा आधी काढा, बाहेर आल्यावरही रंग चढतो. पूर्ण गार झाल्यावर एक मोडून बघा. कट् असा आवाज आणि आत पांढरी ओलसर रेघ नाही, तर जमलं. रेघ दिसली तर उरलेला घाणा मंद आचेवर पुन्हा मिनिटभर तळून घ्या. साखर किंवा मोहन वाढवायचा मोह टाळा. दोन्ही जास्त झालं की कुलकुल तेलात विरघळतात आणि कढईभर गाळ होतो.

असे चार घाणे केले की साडेतीन किलोच्या आसपास होतात. दहा घरांना पाव-पाव किलो, उरलेले तुमच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना. दूध काढलेला चव, म्हणजे खोवलेलं खोबरं, सारात, भाजीत वापरा. वड्यांना तो घेऊ नका, कोरडा पडतो.

वड्या मात्र २३ तारखेच्या आधी करू नका. ओल्या खोबऱ्याची वडी चार-पाच दिवसांनी खवट लागायला लागते. चार नारळांचा चव, ६०० ग्रॅम साखर, वेलची. मिश्रण कढईच्या कडा सोडायला लागलं की थापायचं. विळीवर खोवताना करवंटीपर्यंत जाऊ नका, तपकिरी साल आली की वडी काळपट दिसते. साठ वड्या होतात, घरटी सहा. दुधाचे चार नारळ आणि वड्यांचे चार असे आठ नारळ आताच पाडून ठेवा. बाजारातून आणायची वेळ आली तर याच आठ नारळांनी हिशेब कोलमडेल.

बांधणीकडे दुर्लक्ष झालं तर वरची सगळी मेहनत वाया जाते. कँडी आणि कुलकुल एका पिशवीत कधीच नको. कँडीतली ओल कुलकुल ओढून घेतात. तीन जिन्नस तीन बटर पेपरच्या पुड्यांत, वड्या सर्वांत वर. वर्तमानपत्रात बांधू नका, तेलकट पदार्थाला शाई लागते आणि ती पोटात जाते. काहीही कोमट असताना डब्यात भरू नका, झाकणाला आतून घाम येतो. दिवाळीच्या मिठाईचे रिकामे पुठ्ठ्याचे डबे घरी किंवा जावेकडे असतील तर तेच घ्या. लोणच्याच्या बरण्या सोड्याने धुऊन उन्हात ठेवल्या तरी झाकणातल्या रबराचा वास जात नाही. त्या सरबतालाही नको.

डब्यावर रंगीत कागद चढवण्याऐवजी मांजरपाट घ्या. ११० सेंटिमीटर पन्ह्याच्या एका मीटरमध्ये तीन आडवे, तीन उभे असे नऊ रुमाल निघतात, प्रत्येकी साधारण ३६ बाय ३३ सेंटिमीटर. दोन मीटर पुरतं. कडा दोरा सुटू नये म्हणून मशीनवर एक टीप मारा. चार टोकांची गाठ बांधून वर काथ्याची बारीक दोरी. हा रुमाल नंतर भाकऱ्या गुंडाळायला, डबा बांधायला कामी येतो. शेजाऱ्यांना मात्र डबा नको, ताटच पाठवा. दिवाळीत त्यांच्याकडून फराळाचं ताट आलं असेल, नाताळात तुमच्याकडून कुलकुलांचं जाईल. गोव्यात याच ताटाला कोन्सुआद म्हणतात. ताट रिकामं परत येत नाही हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

कपाटात लग्नाकार्यात आलेली न वापरलेली स्टीलची भांडी असतील तर तीही द्यायला हरकत नाही. फक्त काठाखाली नाव कोरलेलं नाही ना ते उजेडात धरून बघा.

मुलांसाठी तारा. विकतचा प्लास्टिकचा तारा एका मोसमात फाटतो. कामट्यांचा सांगाडा नीट केला तर वर्षानुवर्षं टिकतो, दरवर्षी फक्त कागद बदलायचा. एका ताऱ्याला ४५ सेंटिमीटर लांबीच्या दहा कामट्या आणि ९ सेंटिमीटरचे पाच तुकडे लागतात. कामटी ६-७ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड असावी. त्याहून जाड घेतली की वाकत नाही, पातळ घेतली की तारा पिळवटतो.

घरोघरी तारा वाकडा होतो तो एकाच कारणाने: कामट्या अंदाजाने बांधतात. पाच टोकांच्या ताऱ्यात प्रत्येक कामटीला दुसऱ्या दोन कामट्या ठरावीक ठिकाणीच छेदतात. ४५ सेंटिमीटरच्या कामटीवर दोन्ही टोकांपासून १७.२ सेंटिमीटरवर पेन्सिलने खूण करा, मध्ये १०.६ सेंटिमीटर उरतात. पाच कामट्या जमिनीवर ताऱ्याच्या आकारात मांडा, खुणेवर खूण येईपर्यंत सरकवा, एकीखालून एक वरून अशी गुंफा आणि आधी पाच टोकं, मग पाच छेद दोऱ्याने बांधा. असे दोन सारखे तारे करा. ते एकमेकांवर ठेवून फक्त पाच टोकांशी बांधा. आता आतल्या पाच छेदांपाशी नऊ सेंटिमीटरचे तुकडे दोन ताऱ्यांच्या मध्ये उभे बसवा. तारा फुगतो, ताणला जातो आणि आपोआप ताठ होतो. तुकडा बारा सेंटिमीटरचा केलात तर टोकाजवळ कामटी चिरते.

कागद पतंगाचा. पुढची आणि मागची बाजू एकेका तावाने झाकून कडा कापायच्या, मग बाजूच्या दहा निमुळत्या पट्ट्या. मागची एक पट्टी चिकटवू नका, दिवा तिथून आत जातो. दिवा अर्ध्या वॉटचा एलईडीच घ्या. जुना तारेचा बल्ब तापून कागद करपवतो. तारा दोरीने टांगा, वायरला टांगला तर होल्डरचा जोड सैल होतो. पडवीत, वळचणीच्या आत लावा, उघड्यावर दंवाने कागद लोंबतो.

तारा चोवीस तारखेला देऊन उपयोग नाही. दिराच्या मुलांना तो १६ डिसेंबरला नोव्हेना, म्हणजे नाताळाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू व्हायच्या आत मिळायला हवा, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत, ६ जानेवारीपर्यंत, दारात राहील. नणंदेच्या मुलांसाठी सांगाडा बांधून ठेवा, पण कागद चिकटवू नका. मधले पाच तुकडे काढले की तारा ताटासारखा सपाट होतो आणि गाडीत सीटखाली जातो. मुलं आली की एकदा त्यांच्याकडूनच तुकडे बसवून घ्या; मुंबईला गेल्यावर त्यांना जमतं.

शिवाय प्रत्येक मुलाला ऐंशी रुपयांपर्यंतचं एक खेळणं. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी भोवरे आणि छोटी लाकडी फळं मिळतात. घेताना रंग ओल्या बोटाने घासून बघा, बोटाला लागला तर दुसरं घ्या. भोवऱ्याची आर मधोमध आहे ना ते दुकानातच फिरवून पाहा. तिरकी असेल तर तो जाग्यावर थरथरतो आणि लगेच पडतो. तीन वर्षांखालच्या मुलाला भोवरा नको, फळ चालेल, तेही मुठीत न मावणारं.

करवंटीत मेण ओतून मेणबत्त्या करायचं कोणी सुचवेल. करू नका. करवंटी म्हणजे न्हाणीच्या चुलीतलं उत्तम जळण. वात खाली गेली की मेणाबरोबर तीही पेटते.

सासू-सासऱ्यांसाठी त्यांच्या लग्नाचा किंवा जुन्या घराचा फोटो शोधा. बहुतेक घरांत तो ट्रंकेत, कडा खाल्लेला असतो. फ्रेमच्या काचेतून बाहेर काढा, दुपारी खिडकीजवळ सपाट ठेवा, फ्लॅश बंद करून फोन बरोबर वर धरून फोटो काढा. ऊन थेट पडलं तर चमक येते, म्हणून खिडकीपासून हातभर आत. ६ बाय ८ इंचांची छान प्रिंट यायला फाइल निदान १८०० बाय २४०० पिक्सेलची हवी. स्टुडिओला व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि चेहरे धूसर येतात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. प्रिंट साठ आणि साधी फ्रेम एकशेवीस, असा १८० चा हिशेब. मूळ फोटो पुन्हा ट्रंकेत जाण्याआधी मागे पेन्सिलने नावं लिहून घ्या, ती सासूबाईंनाच विचारा.

नणंदेच्या डब्यात गावाकडचंच काही घाला. घरच्या नव्या भाताचे उकडे तांदूळ किलोभर, तुमच्या साठ्यातली पाव किलो आमसुलं आणि पाव किलो काजू. १ किलो भाताला साधारण साडेसहाशे ग्रॅम तांदूळ निघतो, तेव्हा दीड किलोहून थोडं अधिक भात गिरणीत न्या. आमसुलात मीठ असल्यामुळे ती ओल ओढतात, दुहेरी पिशवीत बांधा. मालवणी मसाला द्यावासा वाटेल, पण आधी बरणी बघा. मिरच्या वाळवायचं ऊन एप्रिलशिवाय येत नाही आणि तोवर घरात पुरायला हवा.

काजू घेताना १८० नंबर मागू नका, ३२० मागा. हा नंबर म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती गर बसतात त्याचा आकडा. १८० चा गर मोठा आणि महाग, ३२० चा लहान. चवीत फरक नाही. पाव किलोच्या पाकिटात १६५ ते १७५ गर असायला हवेत. तुकडा त्याहून स्वस्त मिळतो, पण भेटीत गर अख्खे असावेत. एक दाताखाली फोडून बघा. जिभेला कडवट तेलाची चव आली तर तो काजू जुना आहे.

गॉडमदरकडे नाताळच्या दुपारी स्वतः जा. डब्यासोबत अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, न्या, साठ रुपये त्याचेच. सकाळी गुंफलेला घ्या आणि केळीच्या ओलसर पानात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत अबोली घामेजते आणि काळी पडते.

या आठवड्यात तुम्हाला तीनच कामं आहेत: नणंदेला फोन, नारळ पाडायला सांगणं आणि बाजारातून दोन किलो आवळे.